सहातली सातवी

प्रिय टिल्लू,

हे पत्र अप्पा तुझ्या हातात देतील. आत काय आहे ते विचारू नका असं मी त्यांना बजावलंय. विचारणार नाहीतच ते, पण पाकीट खिडकीपाशी उजेडात धरून बघतील, म्हणून कागदाला चार घड्या घातल्यात. हाताने लिहिलेलं बघून तुला हसू येईल. आपल्या धंद्यातली माणसं किराण्याची यादीसुद्धा हाताने लिहीत नाहीत. पण कीबोर्डवर चारदा सुरुवात केली गं, आणि चारही वेळा सगळं पुसून टाकलं. पेनाने लिहिलेलं खोडलं तरी खालचं वाचता येतं, म्हणून पेन घेतलं.

उद्या अकरा वाजता तुला ऑफिसात बाईंच्या त्या काचेच्या खोलीत जायचंय. पेशंटांचे रिपोर्ट हरवल्याचं खापर तुझ्यावर फुटलंय, आणि तूही मुकाट्याने ते फोडून घेतलंयस. क्लस्टरचं काम तुझ्याकडे राहणार, काढून घेणार, की नोकरीच जाणार, ते उद्या ठरेल. सहा दिवस तू घरी बसून स्वतःच लिहिलेल्या त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत्येस आणि अप्पांनी समोर ठेवलेला चहा गार होतोय, हे सगळं मला कळतंय. अकरा वाजायच्या आत तुला एक गोष्ट माझ्या तोंडून कळायला हवी. पण ती मला एकदम सांगता येत नाहीये, जरा मागून यावं लागेल. धीर धर. तुझ्याकडे तो कधीच नव्हता, तरी धर.

तर पहिलं म्हणजे, मी तुझ्यावर जळते. बघ, लिहिलं. तू म्हणशील, ताई काहीतरीच काय! काहीतरीच नाही. तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून जळते. सायकल शिकायला मी अख्खी सुट्टी घालवली, हनुवटीला तीन टाके घेतले, आणि तू माझीच सायकल घेऊन एका दुपारी गल्लीला तीन फेऱ्या मारून आलीस, वर घंटी वाजवत. अप्पा दारात उभे राहून हसत होते. मीही हसले. मोठ्या बहिणीला हसावंच लागतं, तिला दुसरा पर्याय कोणी ठेवलेला नसतो. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, पालकसभांना मी गेले, तुझ्या पहिल्या मुलाखतीला माझा निळा शर्ट इस्त्री करून मी दिला. या सगळ्यात माया होती, खोटं नाही सांगत. पण त्याच्या बुडाशी हे असायचं, तळाला लागलेल्या दुधासारखं. वरचं दूध चांगलंच असतं, पण वास येतो.

तुझ्या आधीचं ऑफिस तुला ऐकूनच माहीत आहे. मागच्या खोलीत अकरा सर्व्हर होते आणि त्या अकरांना मी नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. लंगडी, आजोबा, कजाग. शेजारी शेजारी दोन होते, त्यांना मी दोन जावा म्हणायचे, कारण एक उठली की दुसरी बसायची. कोणाला उठवल्यावर पाच मिनिटं दम खाऊ द्यायचा, कोणाला लागोपाठ दोनदा बंद-चालू करायचं, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि मी कोणाला लिहूही दिलं नाही. चुलतभावाच्या लग्नात ऐन जेवणात माझा फोन वाजला होता, आठवतं? सगळं टेबल गप्प झालं. ताईला ऑफिसचा फोन आहे, ताईला ऑफिसचा फोन आहे, असं आत्यापासून थेट वाढणाऱ्यांपर्यंत पोचलं. मी कपाळाला आठ्या घालून बाहेर गेले, आजोबांना उठवलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, नुसती कटकट आहे. साफ खोटं बोलले. चौदा वर्षं मी त्या कटकटीवर जगले.

मग तू आलीस, आणि तुला आणलं मीच. बाईंपाशी तुझा विषय मी काढला. वाटलं, हाताखाली राहशील. वर्षभरात तू ती मागची खोली रिकामी केलीस, अकराही जणांना निरोप दिलास आणि सगळं कंटेनर नावाच्या डब्यांत भरून क्लस्टरवर, तुझ्या त्या एकत्र जुंपलेल्या मशिनांवर, चढवलंस. मला शेजारी बसवून समजावलंस, तेही इतक्या गोडीने की मला चिडायलासुद्धा जागा ठेवली नाहीस. फाइलमध्ये एकदा लिहायचं, हॉस्पिटलांचे रिपोर्ट पेशंटांच्या फोनवर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सहा प्रती चालू हव्यात. बस. मग कंट्रोलर नावाचा एक जण कायम पाळतीवर. त्याला अक्कल नाही, म्हणालीस, त्याला एकच येतं. हवं ते काय आणि आहे ते काय हे बघायचं, फरक असला तर भरून काढायचा, आणि परत बघायचं. पाच दिसल्या तर एक नवी उभी करेल, सात दिसल्या तर एक मारून टाकेल. कोण गेली, कशाने गेली, तो विचारत नाही. बाईंना दाखवायला तू भर दुपारी सगळ्यांसमोर एक चालती प्रत मारलीस. बाईंच्या तोंडून अगंबाई निघेपर्यंत दुसरी उभी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि नाकाला मिरच्या झोंबत होत्या. ज्यासाठी मला भरल्या ताटावरून उठावं लागायचं ते एक बिनडोक वस्तू चुटकीसरशी करत होती, आणि कटकट आहे असंही म्हणत नव्हती.

तेवढं मी गिळलं असतं. पण त्या रविवारी तू अप्पांना समजावलंस. अप्पा जन्मभर प्लंबर. चौदा वर्षांत मी नेमकं काय करते ते त्यांना कळलं नव्हतं. कोणी विचारलं की सांगायचे, मोठी कॉम्प्युटरमध्ये आहे, जशी काही मी आत जाऊन बसलेय. तू हातातला घास खाली ठेवलास आणि म्हणालीस, अप्पा, गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट. पाणी कुठवर हवं ते एकदा ठरवून दिलं की झालं. पातळी उतरली की फ्लोट उतरतो, नळ सुटतो, टाकी भरली की बंद होतो. तुम्ही रोज वर जाऊन बघता का? अप्पांचं तोंड असं उजळलं! म्हणजे कंट्रोलर म्हणजे फ्लोट, असं तीनदा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी भाबडेपणाने, म्हणाले, मग तू इतकी वर्षं काय, शिडी लावून टाकीत डोकावत होतीस होय? तुम्ही दोघं खो खो हसलात. मी उठून पाण्याचा जग भरून आणला. तो भरलेलाच होता.

त्यानंतर माझा फोन वाजायचा बंद झाला. तुझ्या लक्षात आलं नसेल, न वाजणारा फोन ऐकू कोणाला येणार? मी तो दुकानात नेऊन दाखवला, हसू नकोस. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला, तो खणखणीत वाजला, आणि तो म्हणाला, चांगला आहे की हो, कोणी करत नसेल. ऑफिसात सगळे तुझ्या टेबलाभोवती. माझ्याकडे लोक यायचे ते स्टेपलर मागायला. बाईंनी तुला क्लस्टरचं प्रमुख केलं तेव्हा केक मीच आणला, त्यावर तुझं नाव मीच घालून घेतलं, आणि सुरी तुझ्या हातात देताना मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

आता मुद्द्याजवळ येते. तीन महिन्यांपूर्वी त्या रिपोर्टवाल्या सहा प्रतींपैकी एक फुगायला लागली, मेमरी खात सुटली. तू मला म्हणालीस, ताई, हिला मारू नकोस, मारलीस तर कारण कळणार नाही. हिचं लेबल काढ. तुझीच युक्ती. कंट्रोलर आपल्या प्रती ओळखतो त्या लेबलावरून. लेबल काढलं की त्याच्या लेखी ती प्रत नाहीच. त्याला पाच दिसतात, तो सहावी नवी उभी करतो, आणि ही बिनलेबलाची एका बाजूला चालूच राहते, कोणाचीच नसलेली. मग तिला सावकाश तपासायचं आणि काम झालं की आठवणीने स्वतःच्या हाताने मारायचं, कारण तिला मारायला आता दुसरं कोणी येणार नाही. आठवणीने, हे तू दोनदा म्हणालीस. मी लेबल काढलं, तपासलं, दोष शोधला, आणि तू तो दुरुस्त केलास. माझ्या पाठीवर थाप मारून शाबास म्हणालीस. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे, टिल्लू.

आणि ती प्रत मी मारली नाही. विसरले, असं सांगता आलं असतं. विसरले नव्हते. मी तिचं नाव ठकी ठेवलं. रोज सकाळी पर्स टेबलावर टाकली की पहिल्यांदा तिला बघायचे. तू यादी काढायचीस ती लेबलं लावलेल्यांची, त्यात सहाच्या सहा दिसायच्या, सगळ्या हिरव्या. ठकी त्यात येतच नव्हती. पण रांगेत आलेले रिपोर्ट इतर सहाजणींसारखेच तीही उचलायची आणि पाठवायची, कारण रांग कोणाचं लेबल विचारत नाही. जुना दोष तिच्यात होताच, ती पुन्हा फुगू नये म्हणून दोन-तीन दिवसांनी मी आत शिरून हाताने साफसफाई करायचे. तुझ्या क्लस्टरमध्ये, तुझ्या कंट्रोलरच्या नाकाखाली, माझ्या हातची एक जिवंत होती, काम करत होती, आणि तुला पत्ता नव्हता. काय सुख होतं त्यात, तुला कधी कळणार नाही. तुला कोणी कधी बाजूला काढून ठेवलेलं नाहीये ना.

तुला आता कळलं असेल. दोन ओळींपूर्वीच कळलं असेल, आणि कागद मांडीवर ठेवून तू समोरच्या भिंतीकडे बघत असशील. तरी मी पुरतं लिहिते, अर्धवट सांगून सुटायचं नाहीये मला. गेल्या महिन्याच्या शेवटी तू नवं व्हर्जन चढवलंस. त्यात रिपोर्टसोबत येणारा पेशंटचा फोन नंबर दुसऱ्या रकान्यात गेला. कंट्रोलरने शिस्तीत एकेक जुनी प्रत उतरवली, नवी चढवली, सहाही बदलल्या. ठकीला कोण बदलणार? तिला नवा रकाना माहीतच नव्हता. जुन्या जागी नंबर दिसला नाही की ती रिपोर्ट कुठेच न पाठवता ‘पाठवला’ असा शिक्का मारायची आणि पुढचा उचलायची. नऊ दिवस हे चाललं. ज्या पेशंटबाईंचं ऑपरेशन होतं त्यांचा रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, हॉस्पिटल म्हणत राहिलं पाठवलाय, आमच्याकडे नोंद आहे, आणि ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. त्यांच्या मुलीने फोनवर तुला जे सुनावलं ते मी शेजारी बसून ऐकलं. तोवर माझ्या डोक्यात ठकी आलेली नव्हती, एवढं खरं मान. मला वाटलं, चुकली एकदाची टिल्लू.

मग ती दोन वाजताची बैठक. हरवलेल्या रिपोर्टांचे आकडे तू फळ्यावर मांडलेस आणि मार्करचं टोपण दातात धरून उभी राहिलीस. सातातला एक जातोय, म्हणालीस. प्रती सहा आहेत, मग सातातला एक कसा? आणि माझ्याकडे बघितलंस. खोलीत नऊ माणसं होती, पण तू माझ्याकडे बघितलंस, लहानपणी गणित अडलं की बघायचीस तशी. तेव्हा मला ठकी आठवली. मी म्हणाले, योगायोग असेल, नव्या व्हर्जनमध्येच बघ काहीतरी. मग पाणी पिऊन येते असं सांगून उठले, जागेवर आले आणि पावणेतीनला ठकीला मारलं. एक ओळ टाइप करायची आणि कळ दाबायची, तेवढंच काम. तीन वाजता तू नवं व्हर्जन मागे घेतलंस. रिपोर्ट हरवायचे थांबले. तुझं व्हर्जनच वाईट होतं असं सगळ्यांनी ठरवलं, तूसुद्धा ठरवलंस. मधल्या पंधरा मिनिटांत थांबलं होतं का, हे कोणी मोजलं नाही.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. बरं वाटलं. एकटी जेवायला बसले आणि दुप्पट जेवले. बाईंनी तुला घरी बसायला सांगितलं त्या दिवशी माझा फोन वाजला. मग दिवसातून दहादा वाजायला लागला. ताई, हे कसं करायचं? ताई, जरा ते बघता का? मी कपाळाला आठ्या घालून उचलत होते. भाजीच्या दुकानात वाजला तेव्हा मुद्दाम दोन रिंगा जास्त वाजू दिला, रांगेतल्यांना ऐकू जावा म्हणून. तू तिकडे स्वतःच्याच कामाला पारखी होत होतीस आणि मी इकडे फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता.

मंगळवारी बाईंनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, नोंदी तपासून अहवाल तुम्हीच लिहा. बाहेरच्याला दिला तर तो तिला सोलून काढेल, तुम्ही बहीण आहात, निदान सांभाळून लिहाल. मी नोंदी काढल्या. कोणी, कधी, काय उभं केलं, बदललं, मारलं, सगळं त्यात असतं, आत शिरून केलेली साफसफाई तेवढी येत नाही. ती सोय तूच सुरू केलीस. माझं नाव दोनदा आलं. एक लेबल काढल्याची ओळ आणि एक पावणेतीनची. त्या दोन ओळी गाळून मी अहवाल लिहिला. आणि काय सांभाळून लिहिला म्हणून सांगू! नव्या व्हर्जनमध्ये त्रुटी राहिली, हेतू वाईट नव्हता, अनुभव कमी पडला. अनुभव कमी पडला हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्याने वाचून बघितलं. शुक्रवारी सही केली. पाठवला मात्र नाही. सोमवारी सकाळी देऊ म्हटलं आणि पर्समध्ये ठेवून घरी आले.

काल दुपारी अप्पांचा फोन आला. म्हणाले, ही दिवसभर सातातला एक, सातातला एक असं पुटपुटते, मला काही झेपत नाही, तू तरी सांग. मी थोडक्यात सांगितलं, प्रती सहा होत्या आणि सातातला एक रिपोर्ट गेला. अप्पा म्हणाले, अगं, त्यात काय एवढं? सहा नळांच्या घरात पाण्याचे सात वाटे पडत असतील तर कोणीतरी मधेच जोड मारलाय. आम्ही नळ मोजत बसत नाही, पाइपावरून हात फिरवत जातो. बहुतेक वेळा घरातलंच माणूस निघतं. त्यांना काही माहीत नव्हतं गं, धंद्यातलं बोलले, सवयीने. पण मी ओट्याला धरून उभी होते. आणि मग म्हणाले, तू जुनी आहेस, तुला बरोबर सापडेल, तेवढं शोधून दे तिला. ती म्हणते, माझं मलाच कळेनासं झालंय अप्पा, मी परत कशाला हात लावणार नाही. असं ती म्हणते, असं दोनदा म्हणाले. मी ‘ठेवते’ म्हणाले आणि फोन ठेवला.

तू परत कशाला हात लावणार नाहीस! तुला क्लस्टरवरून काढावं, बाईंनी चार शब्द सुनवावेत, थोडी खाली यावीस, इथवर माझी मजल गेली होती, कबूल. पण तू काम सोडशील, त्या फळ्यासमोर टोपण चावत उभी राहणार नाहीस, हे माझ्या जळण्यातही कधी आलं नव्हतं. तुझ्या कंट्रोलरचं मला एक आवडतं. हवं ते आणि आहे ते यात फरक दिसला की तो मुकाट कामाला लागतो. मला फरक दिसला की मी तुझ्या ताटात बघते. तर ऐक. तुझ्या ओळींत चूक नाही. एकही नाही. मी काल संध्याकाळपर्यंत बसून सगळ्या वाचल्या, चूक सापडावी म्हणून वाचल्या, तुला माहीत आहे मी किती खवचट आहे ते. आता त्या वाचणं बंद कर आणि तो चहा पी.

काल मी त्या ऑपरेशनवाल्या बाईंच्या मुलीलाही फोन केला. माझ्यामुळे झालं, असं सांगितलं. ती म्हणाली, आता सांगून काय उपयोग? मग म्हणाली, ऑपरेशन गुरुवारी आहे, आणि फोन ठेवला. अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं म्हणून तुला लिहायचा धीर झाला.

आज सकाळी तो अहवाल मी फाडला. नवा लिहिला, दीड पानांचा, त्यात माझ्या नावाच्या त्या दोन ओळी वेळेसकट जशाच्या तशा घातल्या आणि बारा वाजता बाईंना पाठवला. उद्या दहाला त्यांनी मला बोलावलंय, तुझ्या आधी तासभर. काय व्हायचं ते होईल, माझं मी निस्तरेन. हे पत्र माफीसाठी नाही, माफी मागायचं तोंड अजून मला आलेलं नाही. पत्र लिहिलं ते मी तुला ओळखते म्हणून. उद्या तुला हे ऑफिसात कळलं असतं तर तू धापा टाकत त्या काचेच्या खोलीत घुसली असतीस आणि बाईंना सांगितलं असतंस, ताईचं चुकून झालं, ती विसरली, युक्ती मीच शिकवली होती, दोष माझाही आहे. आणि सगळे म्हणाले असते, बघा, काय मन आहे पोरीचं! ते करू नकोस, टिल्लू. तुझ्या पाया पडते. तुझ्या डोक्यावर जळून झालं, तुझ्या हातांवर जळून झालं. तुझ्या चांगुलपणावर जळायचं त्राण आता माझ्यात नाही. माझी बाजू घेऊ नकोस. अकराला ये, त्याआधी नको, आणि एकदाची माझ्यावर पोटभर रागाव.

रागावलीस तरी तुझीच,
ताई